जुन्या आरएक्स १००ला कोणते टायर घ्यावेत आणि ते कसे बसवावेत

कराडहून आलेला प्रश्न असा आहे. वडिलांची १९९२ सालची यामाहा आरएक्स १०० सात-आठ वर्षं शेडमध्ये उभी होती. आता इंजिनाचं काम झालं, कागदपत्रं झाली, गाडी एका किकमध्ये सुरू होते. टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, फक्त कडेला बारीक चिरा दिसतात. एक गॅरेजवाला म्हणतो, मागे १००/९० टाका, गाडी भारदस्त दिसेल, हवं तर ट्यूबलेसही करून देतो. मित्र म्हणतात, नक्षी आहे तोवर चालवा. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणं-येणं असतं, बऱ्याचदा डबलसीट. तर टायर बदलावेत का, कोणते घ्यावेत आणि घरी बसवता येतील का?

आधी उत्तर, मग कारणं. दोन्ही टायर बदला, दोन्ही ट्यूबा बदला, रिमच्या पट्ट्याही (स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर आतून घालतात त्या) बदला, आणि हे सगळं घाटात उतरण्याआधी करा. माप कंपनीनं दिलंय तेच ठेवा: पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. थोडं भरदार हवंच असेल तर पुढे २.७५-१८ आणि मागे ३.००-१८, त्याच्या पलीकडे जाऊ नका. ट्यूबलेसचा विचार या गाडीपुरता सोडून द्या. घरी बसवता येतील, पण त्यासाठी एक निवांत दुपार हवी आणि खाली सांगितलेल्या दोन-तीन गोष्टींत अजिबात हयगय नको.

नक्षी आणि टायरचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाबतीत फसगत नेमकी इथेच होते. कायद्याचं म्हणाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९४ दुचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर नक्षी मागतो. तुमचा टायर त्यात आरामात पास होईल. पण ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती नुसत्या खाचांमुळे नाही. खाचा पाणी बाहेर काढतात. डांबराच्या बारीक खडबडीतपणात रबर दबून बसतं, तेव्हा पकड येते, आणि त्यासाठी रबर मऊ असावं लागतं. रबरात तेलं असतात, ऑक्सिजन आणि ओझोनपासून बचाव करणारी रसायनं आणि मेण असतं. गाडी चालते तेव्हा टायर दबतो-सुटतो आणि ते मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं, त्याचा पातळ थर संरक्षण देतो. गाडी उभी राहिली की हे थांबतं. म्हणून रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा शेडमध्ये उभ्या गाडीचे टायर बरेचदा आधी तडकतात. वर हवा कमी असेल तर एकाच जागी वजन बसून टायर तिथे चपटा होतो, आणि त्या वळकटीपाशी चिरा खोल जातात.

घरच्या घरी बघायचं असेल तर टायर पूर्ण हवेवर ठेवून कडेच्या चिरांवर अंगठा दाबा. चीर उघडून आत धाग्याचा रंग दिसला तर प्रश्नच मिटला. नाही दिसला तरी नक्षीच्या गुटक्यावर, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या उंच तुकड्यावर, नख रोवून बघा. ताज्या रबरात नख थोडं रुततं आणि खूण भरून येते; म्हाताऱ्या टायरवर नख सरकतं. उन्हात, कोरड्या रस्त्यावर असा टायर काही जाणवू देत नाही. पहिल्या पावसात, पांढऱ्या पट्ट्यावर किंवा घाटातल्या वळणावर जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असते तिथे, पुढचा ब्रेक जरा जास्त लागला की तो सांगतो. तोवर उशीर झालेला असतो.

टायरचं जन्मसाल त्याच्या कडेवरच असतं. लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. काही देशी टायरांवर ते एका लांब क्रमांकाच्या शेवटी असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३४२४ म्हणजे २०२४ सालचा ३४वा आठवडा, ऑगस्टचा उत्तरार्ध. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, आणि तसे टायर बसवलेल्या गाड्या अजून रस्त्यावर भेटतात. माझा नियम सरळ आहे: पाच वर्षांनंतर दर पावसाळ्याआधी नीट तपासायचा, आणि दहा वर्षांचा टायर कितीही छान दिसो, काढून टाकायचा. तुमच्या टायरांना चिरा आहेत आणि गाडी वर्षानुवर्षं उभी होती, तेव्हा इथे आकडा वाचायचीही गरज नाही.

हाच आकडा नवा टायर घेताना मात्र जरूर वाचा. २.७५-१८ हे माप खूप चालतं, कारण जुनी स्प्लेंडर पुढे-मागे त्याच मापावर धावायची. त्यामुळे त्यात ताजा माल मिळतो. २.५०-१८ प्रत्येक दुकानात नसतं, आणि जे माप कमी खपतं ते कपाटात जास्त दिवस पडून राहतं. सहा महिने-वर्षभराचा टायर खुशाल घ्या. दोन वर्षांच्या वरचा असेल तर दुसरा मागवायला सांगा. दुकानाबाहेर खिळ्याला टांगून उन्हात ठेवलेला नमुन्याचा टायर कुणी काढून देत असेल, तर तो स्वस्तातही घेऊ नका. एक गोष्ट ठामपणे सांगतो: ओळखीच्या कंपनीचा ताजा टायर हा महागड्या नावाच्या जुन्या टायरपेक्षा केव्हाही चांगला. एमआरएफ, सिएट, टीव्हीएस यांपैकी तुमच्या मापात जो ताजा मिळेल तो घ्या. कडेवर आयएसआय खूण आणि आयएस १५६२७ हा मानक क्रमांक आहे का ते बघा. दुचाकी-तीनचाकीच्या टायरांसाठी तोच भारतीय मानक आहे.

आता मापाकडे येऊ, कारण जुन्या गाड्यांच्या टायरांबद्दल सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले इथेच मिळतात. २.७५-१८ याचा अर्थ टायरची रुंदी पावणेतीन इंच आणि रिमचा व्यास १८ इंच. १००/९०-१८ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्याच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. हिशेब करा: १८ इंचाची रिम ४५७ मिलिमीटर, तिच्यात वर-खाली नव्वद-नव्वद मिळवले की ६३७. तुमच्या मूळ मागच्या टायरचा व्यास साठ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे चाक तीन ते चार सेंटीमीटरनं मोठं झालं, घेर पाच-सहा टक्क्यांनी वाढला. यातून काय होतं? गिअर तेवढे लांब होतात, म्हणजे चढावर गाडी लवकर दम टाकते. मागची बाजू दीड-दोन सेंटीमीटर उचलली जाते, त्यामुळे पुढचा फोर्क थोडा उभा होतो आणि हँडल नको तेवढं चपळ होतं. टायरचं वजन वाढतं, आणि अकरा हॉर्सपॉवरच्या, जेमतेम शंभर किलोच्या गाडीला चाकातलं जास्तीचं वजन लगेच कळतं. आरएक्सची सगळी गंमत तिच्या हलकेपणात आहे. तीच आपण पैसे देऊन घालवतो.

पण याहून मोठा मुद्दा रिमचा. चाकावरची धूळ पुसून रिमवर कोरलेला आकडा वाचा. १.६० x १८ असेल तर रिमच्या आतली रुंदी १.६० इंच. २.७५चा टायर अशा रिमवर त्याच्या नैसर्गिक आकारात बसतो. ३.००चाही बसतो, पण ती शेवटची मर्यादा आहे. १००/९०च्या टायरला किमान २.१५ इंची रिम लागते. तो अरुंद रिमवर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. उभी गाडी असताना रस्त्याला टेकणारा पट्टा उलट अरुंद होतो, आणि वळणात आडवं पडताना टायर मधेच कलंडल्यासारखं वाटतं. रुंद टायर घेतला म्हणून पकड वाढली, असं समजून माणूस जोरात वळतो, आणि प्रत्यक्षात पकड कमी झालेली असते. शिवाय चेन आणि टायरची कड यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा हवी; नायलॉनचे टायर वापरात थोडे फुगतात, आणि चेननं कड खाल्लेले टायर मी पाहिले आहेत.

तुम्ही बुलेटचं उदाहरण द्याल, म्हणून तेही सांगून टाकतो. जुन्या ३५० स्टँडर्डला पुढे-मागे ३.२५-१९ आहे आणि रिम १.८५ इंची. तिथेही हाच न्याय: मूळ माप सहज मिळतं, तेच घाला.

मग पुढे २.७५ आणि मागे ३.०० ही सूट मी का दिली? कारण दोन्ही बाजू जवळपास सारख्याच उचलल्या जातात, फोर्कचा कोन फारसा बिघडत नाही, आणि दोन्ही मापं मूळ रिमवर चालतात. खराब रस्त्यावर रिमला धक्के जरा कमी बसतात, हाही फायदा. फक्त पुढच्या मडगार्डखाली जागा आहे ना ते बघा. चिखलाचा गोळा अडकला तर चाक जाम व्हायला नको. स्पीडोमीटरची तार आरएक्सला पुढच्या चाकातून येते, त्यामुळे पुढचा टायर मोठा झाला की काटा खऱ्यापेक्षा किंचित कमी वेग दाखवेल. एवढं चालतं.

कडेवर मापाशेजारी आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यांकडे लोक बघतही नाहीत. एक, ४ पीआर किंवा ६ पीआर, म्हणजे प्लाय रेटिंग. आत खरोखर तेवढे थर असतात असं नाही, ताकदीची ती जुनी मोजणी आहे. दुसरी, ४२ पी, ४८ पी अशी खूण. यातला आकडा वजनाचा: ४२ म्हणजे एका टायरला १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेगाचं, ते या गाडीला भरपूर झालं. आता तुमचा हिशेब: गाडी शंभर किलो, दोन माणसं पंचाहत्तर-पंचाहत्तरची, एकूण अडीचशे. डबलसीट असताना त्यातलं साठ-पासष्ट टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे दीडशेच्या वरच. ४२चा टायर मागे घातला तर सामानाची एक पिशवी अडकवण्याआधीच तो त्याच्या मर्यादेवर असेल. म्हणून मागे ४८, म्हणजे ६ पीआर. पुढे मात्र ४ पीआरच घ्या. दुकानदार ‘मजबूत आहे, जास्त चालेल’ म्हणून पुढेही ६ पीआर देतात. हलक्या गाडीच्या पुढच्या चाकावर तो ताठ राहतो, दबत नाही, आणि खडबडीत रस्त्यावर हँडल उड्या मारतं.

नक्षीबद्दल फार डोकं खाऊ नका. पुढे लांब उभ्या रेघांची नक्षी जुन्या गाड्यांना यायची. डांबरावर ती सरळ आणि शांत चालते, चिखलात मात्र निरुपयोगी. तुमचा रस्ता डांबरी आणि ओला, तेव्हा पुढे रेघांची किंवा साधी मिश्र नक्षी, मागे मध्यम गुटक्यांची. मोठ्या गुटक्यांचे, मातीसाठीचे टायर घाटात नकोत. ओल्या डांबरावर त्यांचं रबर फार कमी टेकतं. मागचा अर्धा झिजलेला टायर पुढे टाकून मागे नवीन घालायची पद्धत गावोगाव आहे, ती सोडा. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस खालीच. पैशांची ओढ असेल आणि एकच टायर आज घ्यायचा असेल, तर पुढचा आधी घ्या.

ट्यूबलेसचं का नको म्हणतो ते सांगतो. ताराच्या चाकात प्रत्येक स्पोकचं निपल (स्पोक आवळणारा छोटा नट) रिमच्या आतून येतं, तिथून हवा गळते. मग सिलिकॉन आणि चिकटपट्टी लावून ती भोकं बंद करतात. जुन्या रिमवर गंज असतो, स्पोक चालताना किंचित हलतात, घाटात ब्रेक ड्रम तापतो, पाणी लागतं. ती पट्टी किती दिवस धरेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला आतून एक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायरची रिमला टेकणारी कड तो जागेवर धरून ठेवतो. तुमच्या रिमला तो नाही. तेव्हा ट्यूब असलेला टायर, नवी ट्यूब आणि सोबत पंक्चरचं सामान, हेच या गाडीला योग्य. ट्यूबलेस लिहिलेलाच टायर तुमच्या मापात मिळाला तर तो ट्यूब घालून वापरता येतो, पण त्याच्या कडा ताठ असतात, चढवताना घाम काढतात. ट्यूब टाइप मिळत असेल तर तोच बरा.

आता बसवण्याकडे. दुकानात बसवून घेणार असाल तरी हे वाचा आणि तिथे उभे राहा. रस्त्याकडेचा चांगला पंक्चरवाला हे काम यंत्रापेक्षा सुबक करतो. घाई असलेला माणूस मात्र नव्या ट्यूबला पहिल्याच दिवशी चिमटा बसवतो, आणि ते तुम्हाला दोन दिवसांनी रस्त्यात कुठेतरी कळतं.

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक काढताना ब्रेकचा रॉड आणि ब्रेक प्लेटला धरणारी टॉर्क पट्टी सोडवा, चेन अॅडजस्टर ढिले करा, मग एक्सल. सगळे वॉशर आणि बुश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून ठेवा, फोनमध्ये फोटो काढा. चाक हातात आलं की टायरच्या आधी बेअरिंग बघा: आतल्या कड्यात बोट घालून फिरवा, खरखर लागली किंवा डगडगलं तर आताच बदला. हबमधले रबर बोटानं दाबा. ते दगड झाले असतील तर चेन झटके देते. इतका खोल हात परत लवकर जात नाही, म्हणून ही दहा मिनिटं द्यायचीच.

वॉलची, म्हणजे ट्यूबच्या हवा भरायच्या नळीची, सुई काढून हवा पूर्ण सोडा. टायरवर दोन्ही बाजूंनी पाय देऊन कडा रिमपासून सोडवा. जुना टायर चिकटलेला असतो. साबणाचं पाणी सोडा, थोडा वेळ थांबा, पुन्हा दाबा. इथे एकच गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. रिमचा मध्यभाग खोलगट असतो. टायरची रिमला टेकणारी कड ही आतून पोलादी तार आहे, ती ताणली जात नाही. तुम्ही वॉलच्या बाजूला टायर काढायची लोखंडी पट्टी लावून कड वर काढता तेव्हा समोरच्या बाजूची कड त्या खोलगट भागात उतरलेली असली पाहिजे, तरच इकडे तेवढी ढील मिळते. लांब टॉमी घेऊन जोर लावावा लागला तर समजा की समोरची कड खोलात नाही. थांबा, तिकडे गुडघा द्या, मग इकडे पट्टी. योग्य झालं तर वीतभर लांबीच्या पट्ट्यांवर काम होतं, आणि रिमवर ओरखडाही येत नाही.

टायर निघाला की रिम आतून बघा. १९९२ची रिम असेल तर निपलभोवती गंज असणारच. तारेच्या ब्रशनं घासा, एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या वर आलं असेल तर कानशीनं घासून सपाट करा, नाहीतर तेच टोक ट्यूबमध्ये घुसतं. गंजानं रिमला खड्डे पडले असतील किंवा निपलच्या भोकापाशी तडा असेल तर रिम बदला. मग चाक उभं धरून प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकंच वाजवा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिला थप्प. दोन-चार ढिले निघाले तर आताच आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्या. बाजूला आणि वर-खाली दोन मिलिमीटरच्या आत आउट असेल तर चालतो. हे काम ज्याला जमतं त्याच्याकडूनच करा, एका बाजूचे स्पोक आवळत सुटल्याने चाक आणखी वाकडं होतं.

नवी रिमपट्टी घाला, तिचं भोक वॉलच्या भोकाशी जुळवा. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते बघा. काही टायरांवर पुढे आणि मागे लावण्यासाठी दोन वेगवेगळे बाण असतात. कडेवर रंगाचा ठिपका असेल तर तो बहुधा टायरच्या सर्वांत हलक्या जागी असतो, तो वॉलपाशी आणा. दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल, ऑइल अजिबात नको, रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकत राहतो. पहिली कड बहुतेक हातानंच चढते. ट्यूबला टाल्कम पावडर लावा, तिला गोल आकार येईल एवढीच हवा भरा, आत घाला, वॉल भोकातून काढून नट दोन-तीन आटे फिरवून ठेवा. दुसरी कड वॉलच्या समोरच्या बाजूनं चढवायला सुरुवात करा आणि शेवट वॉलपाशी करा. शेवटची वीत राहिली की वॉल बोटानं आत ढकला, म्हणजे ट्यूब कडेखालून वर सरकते. पट्टी आत घालताना फक्त कडेपुरती, खोल नाही. चिमटा बसतो तो याच शेवटच्या वितीत.

हवा भरा, कड बसल्याचा टप्प आवाज येईल. रिमच्या काठाजवळ टायरवर एक बारीक गोल रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा साबणपाणी लावा. चाळीस पीएसआयच्या वर हवा मारून कड जबरदस्तीनं बसवू नका. बसली की सुई काढून हवा पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे आतली ट्यूब कुठे दुमडली असेल तर सरळ होते. वॉलचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीजवळ फिरवून ठेवा. पुढे कधी टायर रिमवर सरकला तर वॉल तिरका दिसतो आणि तुम्हाला आधीच कळतं. नट आवळलेला असेल तर वॉल मुळातून उपटतो आणि हवा एका क्षणात जाते.

चाक परत चढवताना दोन गोष्टींवर जीव अवलंबून आहे. मागे टॉर्क पट्टीचा नट आणि त्यातली स्प्लिट पिन. ती राहिली तर पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जाम होतं. पुढे ब्रेक प्लेटची खाच फोर्कवरच्या उंचवट्यावर नीट बसलेली हवी. ती न बसता एक्सल आवळला गेला तर तोच प्रकार पुढच्या चाकात, आणि त्याचा परिणाम सांगायला नको. मी दुसऱ्यानं बसवलेलं चाक बघतो तेव्हा नजर आधी या दोन जागी जाते. स्पीडोमीटरच्या गिअरची जीभही जुळली आहे का बघा. एक्सल शेवटचा आवळताना ब्रेक दाबून धरा, ब्रेकचे शू ड्रममध्ये मधोमध बसतात आणि ब्रेक लगेच सुधारल्याचं जाणवतं. फोर्क दोन-चार वेळा दाबून मगच पुढचा नट पक्का करा.

चेनला खालच्या बाजूला मधोमध दोन ते तीन सेंटीमीटर ढील ठेवा, तीही चेन जिथे सर्वांत ताठ होते त्या जागी मोजून. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरच्या (स्विंगआर्मवरच्या) खुणांवर तीस वर्षांच्या गाडीत पूर्ण विश्वास ठेवू नका. चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. सारखं आलं की चाक सरळ. या वर्गातल्या गाड्यांना एकट्यानं चालवताना पुढे पंचवीस आणि मागे अठ्ठावीस पीएसआयच्या आसपास हवा लागते, डबलसीटला मागे त्याहून बरीच जास्त. तुमच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना. टायर थंड असताना मोजा आणि स्वतःचं गेज घ्या, दोन पंपांवरचे काटे क्वचितच एकसारखे दाखवतात.

नव्या टायरची बाहेरची कातडी गुळगुळीत असते. पहिले शे-दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवा, दर फेरीला वळणात थोडं जास्त झुकत जा, म्हणजे कडांपर्यंत खडबडीत होईल. टायर चमकवणारं पॉलिश लावू नका, कडेलाही नको. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा मोजा. चार-पाच पीएसआयनं उतरली असेल तर ट्यूबला बारीक चिमटा आहे, टायर पुन्हा उतरवा.

काढलेले दोन टायर दुकानात ठेवून येऊ नका. नक्षी शिल्लक असल्यामुळे ते पुसून, काळं पॉलिश मारून कुणाच्यातरी गाडीला लागतात, आणि घेणाऱ्याला चिरा दिसत नाहीत. धारदार सुरीनं दोघांचीही कड एका जागी आरपार कापा आणि मगच भंगारात द्या.